म्हातारी घसरते, जावईबापू

आमच्या रस्त्यावर त्याला सगळे कानसेन म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलंय. माझं सुट्या भागांचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून आहे. मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. पलीकडे पाना पडला तर तो कितीचा पडला हे मला इकडे बसून कळतं.

गाडी आली की बॉनेट उघडल्याबरोबर तो एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. डोळे मिटायचा. गिऱ्हाईक बिचारं परीक्षेला बसल्यासारखं उभं. मग डोळे उघडून म्हणायचा, "मागचं बेअरिंग." उघडून बघावं तर मागचंच बेअरिंग. बहुतेक वेळा असंच व्हायचं. ज्या वेळी होत नसे, ती वेळ कोणी लक्षात ठेवत नसे, तो स्वतः तर नाहीच नाही.

त्याचे सासरे सुतार. दारं, खिडक्या, चौकटी करणारे. दोन गल्ल्या सोडून त्यांचा कारखाना, आणि वरच्या माळ्यावर एक खोली, तिथे ते एकटे राहायचे. बायको फार पूर्वी गेली. एकुलती एक मुलगी त्यांनीच वाढवली, तिची वेणी घालायलासुद्धा स्वतःच शिकले. ती मुलगी म्हणजे कानसेनची बायको. दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते. सासऱ्यांना आम्ही सगळे बाबाच म्हणायचो.

तरुणपणी एका बांधकामावर परांचीवरून पडून बाबांचा डावा गुडघा कायमचा आखडला होता. गाडीचा क्लच दाबणं त्यांच्याने होत नसे, त्यामुळे माल पोचवायला कायम दुसऱ्याच्या टेम्पोची मनधरणी. पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात जुनी पिकअप विकायला निघाली. ऑटोमॅटिक गिअरची. क्लचचं पेडलच नाही, उजवा पाय धड असला की काम भागलं. कानसेननेच ती हुडकली आणि दुरुस्त करून सासऱ्यांच्या दारात उभी केली. बाबांनी तिचं नाव म्हातारी ठेवलं. "आम्ही दोघं एकाच वयाचे," ते सांगायचे, "पण चढावर ती मला हरवते."

त्या दिवसापासून बाबा बदलले. मालकासारखे गाडीतून उतरायचे, काचेवरची धूळ रुमालाने पुसायचे. मागे दारं बांधून शहरभर फिरायचे. आणि जावयाबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा काही चढायचा की वाटावं, गाडी जावयाने शोधलेली नाही, घडवलेली आहे.

एके दिवशी ते गॅरेजमध्ये आले. कानसेन एका टॅक्सीखाली झोपला होता.

"जावईबापू, म्हातारी घसरते."

"घसरते म्हणजे काय होतं?" खालूनच प्रश्न.

"चढाला इंजिन ओरडतं, पण गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी. मग मध्येच हिसका देऊन पकडते."

कानसेन बाहेर आला. स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. मोकळ्या गाडीतून कोपऱ्यापर्यंत, सपाट रस्त्याने, एक चक्कर मारून आला. "काही नाही बाबा. गिअरचं तेल थोडं कमी होतं, घातलं."

थोड्या दिवसांनी बाबा पुन्हा आले. "सकाळी बरी असते हो. गरम झाली आणि मागे माल असला, की घसरते."

आता हे वाक्य म्हणजे अर्धं निदान होतं. तेल गरम झालं की पातळ होतं, माल असला की गिअरबॉक्सवर ताण येतो. दोन्ही एकत्र आल्यावर जी गाडी घसरते, तिच्या आत तेलाचा दाब कुठेतरी कमी पडतोय, हे माझ्यासारख्या दुकानदारालाही सुचायला हवं. कानसेनला तर झोपेतही सुचलं असतं. पण त्या दिवशी गॅरेजमध्ये उभं राहायला जागा नव्हती. म्हातारी दुपारपर्यंत बाहेर उभी राहिली आणि थंड झाली. मग त्याने पुन्हा कान लावला, पुन्हा कोपऱ्यापर्यंत नेली. चांगली चालली.

तिसऱ्यांदा बाबा आले तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती, मीही फॅनचा पट्टा द्यायला गेलो होतो. बाबांनी तेच सांगितलं. कानसेनने हात पुसले आणि हसत म्हणाला, "बाबा, गाडी नाही घसरत. तुमचा पाय घसरतोय. वय झालं आता, पायाला अंदाज राहत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. बाबासुद्धा हसले, थोडे उशिरा. "असेल, असेल," म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. पुन्हा त्या तक्रारीसाठी आले नाहीत.

घरी गेल्यावर त्याने बायकोलाही तेच सांगितलं. थट्टेत नाही, गंभीरपणे. "बाबांवर लक्ष ठेव. गाडी चालवणं आता झेपत नाही त्यांना. नको तेवढा ॲक्सिलरेटर दाबतात आणि म्हणतात इंजिन ओरडतं."

शाळेची नवी इमारत टेकडीवर बांधली जात होती. तिथली सगळी दारं बाबांकडे होती. एका दुपारी ते पहिली खेप घेऊन निघाले. चढ जिथे सगळ्यात उभा आहे, फाटकाच्या अलीकडे, तिथे इंजिन किंचाळलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. मग मागे यायला लागली. फाटकावरचा वॉचमन मदतीला धावला. चाकामागे दगड लावावा म्हणून तो गाडीच्या मागे गेला. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण त्या झटक्याने मागची फळी निखळली आणि दारं घसरत खाली आली. वॉचमनने हात आडवा धरला. दंडाचं हाड मोडलं. डोक्यावर आलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी धजावलो नसतो.

बाबांना कोणी काही बोललं नाही. वॉचमनही नाही. पण त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "माझा पाय घसरला. जावई सांगत होते, मी ऐकलं नाही."

वॉचमनला दवाखान्यात पोचवून बाबा घरी आल्यावर मुलीने हात पुढे केला. "बाबा, चावी द्या."

"फक्त शाळेची दारं पोचवू दे. मग देतो."

"माणूस मरता मरता वाचलाय, बाबा! तुमच्या हट्टापायी अजून कोणाचा हात मोडायचाय का?"

हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाबांनी चावी दिली. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. जावईबापू म्हणाले म्हणजे तसंच असणार."

म्हातारी ओढून आणली आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावली. विकून टाकायचं ठरलं.

वॉचमनची नोकरी रोजंदारीची होती. हात गळ्यात अडकवून घरी बसला तर जागा गेलीच. बाबा ठेकेदाराला भेटले आणि म्हणाले, "त्याचा हात बरा होईपर्यंत त्याच्या खुर्चीत मी बसतो. हजेरी त्याची लावा." ठेकेदाराने खांदे उडवले. फाटकावर माणूस असल्याशी मतलब. दुसऱ्या सकाळपासून बाबा तिथे. येणाऱ्या ट्रकसाठी उठायचे, आखडलेला पाय ओढत फाटक उघडायचे, बंद करायचे, पुन्हा बसायचे. वॉचमनला घरी करमत नसे, म्हणून तोही येऊन शेजारी विटांवर बसायचा. कारखान्यातलं काम बाबा संध्याकाळी करायचे, जेवढं होईल तेवढं.

माझ्याकडे नसलेल्या सुट्या भागांसाठी कानसेनला त्याच रस्त्याने जावं लागे. आधी तो हात करायचा. मग लांबच्या रस्त्याने जायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "तो चढ स्कूटरला जड जातो." नवी स्कूटर होती. मी जास्त खोदलं नाही.

एकदा त्याची बायको वडिलांकडे डबा द्यायला गेली. बाबा कामाच्या बाकावर बसले होते, उजव्या पायातली चप्पल काढलेली. पायाखाली एक फळी, फळीला बिजागरी, खाली स्प्रिंग. सुतार माणूस, स्वतःच बनवलेलं पेडल. पाय ठेवून हळूहळू दाबत होते आणि वाकून बघत होते.

"हे काय करताय?"

"बघतोय किती दाबला जातो ते. मला वाटतं थोडाच दाबतोय. पण वाटण्यावर काय विश्वास ठेवायचा!"

तिने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. कानसेन जेवत होता. "बरं आहे," म्हणाला, "तेवढाच पायाला व्यायाम." आणि मग त्याला घास गिळेना. पाणी प्यायला, उठला.

शाळेची दारं बाबांनी दुरुस्त केली, राहिलेलीही पूर्ण झाली. आता ती न्यायची कोणी? कानसेन म्हणाला, "मी नेतो. गाडी विकायच्या आधी जरा चालवूनही होईल." बाबांबद्दल त्याला वाईट वाटत होतं, पण चूक बाबांची होती याबद्दल तेव्हाही शंका नव्हती. शंका असती तर त्याने तो चढ धरलाच नसता.

दारं भरली, दोर आवळले, मागची फळी नवीन. शहरातून फिरत फिरत टेकडीपर्यंत जाईतो गाडी चांगली तापली. चढाला लागला. निम्म्यावर इंजिनाचा आवाज वाढला, वेग तेवढाच. त्याने थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं आणि गाडी, बाबांच्याच शब्दांत, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी झाली. मग मागे यायला लागली.

फाटकावरून बाबांनी तो आवाज ऐकला. खुर्चीतून उठले आणि लंगडत, जवळजवळ पळत खाली आले.

"ब्रेक! जावईबापू, ब्रेक सोडू नका!" त्यांनी वाटेतला दगड उचलला, बाजूने हात लांब करून चाकामागे सरकवला, पाठोपाठ दुसरा. मग दारापाशी येऊन आधी जावयाच्या उजव्या पायाकडे बघितलं.

"तुम्ही काही वेगळं केलंत का?"

"नाही बाबा. नेहमीसारखीच चालवली."

बाबांनी चाकामागचा दगड पायाने दाबून बघितला. कानसेनला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, मी तीनदा सांगितलं होतं. पण बाबा म्हणाले, "मग आता खरंच बिघडली बिचारी. त्या दिवशी माझ्या पायाने नको तेवढं ताणलं, त्यात दुखावली असणार. असू दे. दारं माणसं लावून हातांनीच वर नेऊ."

दारं उतरवल्यावर कानसेनने मोकळी झालेली गाडी उताराने हळूहळू गॅरेजला आणली, आत घेतली, शटर निम्मं ओढलं आणि पत्र्यावर थाप मारून मला हाक मारली. "जरा ये. ॲक्सिलरेटर दाबायला माणूस हवाय."

स्क्रू-ड्रायव्हर त्या दिवशी भिंतीलाच लटकत राहिला. त्याने पहिल्यापासून, शिकाऊ असल्यासारखी सुरुवात केली. इंजिन चालू ठेवून गिअरचं तेल मोजायची पट्टी ओढली, पांढऱ्या कापडावर पुसली. चांगलं तेल लाल असतं. हे तपकिरी, आणि वास करपलेला, विसरलेल्या इस्त्रीखालच्या कापडासारखा. मग गाडी जॅकवर घेऊन तळाचा ट्रे सोडला. ट्रेच्या बुडाला काळा गाळ. त्याने तो बोटांत चोळला.

"चकत्या जळल्यात," तो म्हणाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या पातळ चकत्या असतात. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात. दाब कमी पडला की धरत नाहीत, नुसत्या घासतात आणि जळतात.

"कशाने?" मी विचारलं.

"तेच बघायचंय."

ट्रे लावून नवं तेल भरलं. गिअरबॉक्सच्या बाजूच्या एका छिद्राला दाब मोजायचा काटा जोडला, त्याची नळी लांब ओढून काटा बॉनेटजवळ टांगला. चाकांना पुढून मागून लाकडं लावली. मला आत बसवलं. "ब्रेक पुरा दाब. गिअर टाक. मी म्हणेन तेव्हाच ॲक्सिलरेटर, आणि थांब म्हटलं की लगेच सोड."

मी दाबला. इंजिन चढलं. "काटा?" मी ओरडून विचारलं.

"हलत नाही. सोड!"

ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढायला हवा. तो वाढवायचं काम एक बारीक केबल करते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरपासून निघून गिअरबॉक्समध्ये जाते आणि ड्रायव्हरने पाय किती दाबलाय ते आत कळवते. केबल ताणली गेली तर दाब वाढतो. कानसेनने केबलचं वरचं टोक शोधलं आणि हाताने ओढलं. मला म्हणाला, "आता दाब, थोडासाच." त्याच्या हातातली केबल ताणलेली होती. या वेळी काटा उडी मारून वर गेला.

"सोड. बंद कर गाडी."

मी उतरून त्याच्याजवळ गेलो. तो हललाच नव्हता. केबलच्या टोकाला एक घरगुती पट्टी होती, पत्र्याची, हॅकसॉने कापलेली, कडा कानशीने घासलेल्या. बोल्ट नुसता बोटाने फिरवून बसवलेला. पानाच लागला नव्हता. पट्टी सैल, केबल लोंबत होती.

"ही पट्टी माझी आहे," तो म्हणाला.

गेल्या वर्षी म्हातारीचा कार्ब्युरेटर त्यानेच बदलला होता. नवा दुसऱ्या बनावटीचा होता, केबल पोचेना, म्हणून त्याने ही पट्टी करून दिली. केबल नेमकी ताणायची असते ती इंजिन गरम झाल्यावर, म्हणून बोल्ट तात्पुरता लावून ठेवला. तेवढ्यात कोणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडल्याचा फोन आला आणि तो गेला. संध्याकाळी बाबा येऊन म्हातारी घेऊन गेले. तो बोल्ट तसाच राहिला. तेव्हापासून बाबांचा पाय सांगत होता आणि ते गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नव्हतं. चकत्या रोज थोड्या थोड्या जळत होत्या.

तो उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ हाताचे तळवे बघत होता. मी म्हटलं, "अरे, होतं असं."

"बोल्ट राहिला ते होतं," तो म्हणाला. "पण ते तीनदा आले होते. कान लावला तेव्हा एकदा केबलवर हात घातला असता तर ढिली हाताला लागली असती. मी हात घातला नाही. मी काय केलं, सांग ना? तू पण होतास."

मी काट्याची नळी गुंडाळायला घेतली.

निघताना म्हणाला, "कोणाला बोलू नकोस." मी म्हटलं, तुझं तू बघ.

घरी त्याने बायकोला निम्मंच सांगितलं. "गिअरबॉक्स आतून गेलाय. जुनी गाडी आहे. बाबांच्या पायाची चूक नव्हती." हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते सांगणं त्याला सोपं गेलं. ती तशीच उठली, चप्पल घालून वडिलांकडे गेली. बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. बाबांना आधी समजेना. समजल्यावर ते कितीतरी वेळ नुसतेच आपल्या उजव्या पायाकडे बघत होते म्हणे.

पण खरी शिक्षा पुढे होती. दुसऱ्या दिवसापासून बाबा जो भेटेल त्याला सांगायला लागले. ठेकेदाराला, वॉचमनला, माझ्या दुकानात येऊन मला. "आमच्या जावयाने दोष शोधून काढला! कोणाला सापडला नसता. आतून जळलं होतं सगळं. मी उगीच स्वतःला कोसत बसलो होतो, या माणसाने मला सोडवलं." पत्र्यापलीकडे हातोडीचा आवाज थांबायचा. बाबा गेल्यावरही बराच वेळ सुरू व्हायचा नाही.

एकदा बाबा फणसासारख्या खरखरीत हातांनी त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "जावईबापू, तुमचे उपकार फिटायचे नाहीत." कानसेन पांढराफटक पडला. बाबांना वाटलं, जावई लाजले.

त्यानंतर तो माझ्याकडे चकत्यांचा संच मागवायला आला आणि मागवायचा सोडून म्हणाला, "मला हे सहन होत नाही रे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग घेऊन ये शिव्या," मी म्हटलं.

तो तिथूनच टेकडीवर गेला. स्कूटर फाटकाशी लावली. बाबा खुर्चीत, वॉचमन विटांवर, दोघं उन्हाकडे पाठ करून बसलेले.

"या, या! याला सांगत होतो तुमच्याबद्दलच," बाबा म्हणाले.

कानसेनने उभ्याउभ्याच सांगितलं. कार्ब्युरेटर, पट्टी, बोल्ट, केबल. काही वगळलं नाही. "गाडी माझ्यामुळे जळली बाबा. याचा हातही माझ्यामुळे मोडला. आणि मी ते आठवडाभर लपवलं."

वॉचमनने आपल्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं, मग कानसेनकडे. "म्हणजे हे इतके दिवस चुकीचाच माणूस बसलाय की खुर्चीत," तो म्हणाला. तो थट्टा करत होता की काय, हे कानसेनला आजही कळलेलं नाही.

बाबांनी विचारलं, "म्हणजे मी पहिल्या दिवशी जे सांगितलं, ते खरं होतं?"

"हो."

"आणि दुसऱ्यांदा आलो तेव्हाही?"

"हो बाबा."

एक ट्रक आला. बाबा उठले, फाटक उघडलं, ट्रक आत गेला, फाटक लावलं. परत येऊन बसले.

"बोल्ट राहिला, त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "माझ्या हातूनही चौकटी वाकड्या बसल्यात. लोकांची दारं घासायची, मग जाऊन रंधा मारून यायचो. काम करणाऱ्याचं राहतं कधी कधी. पण तुम्ही मला माझ्याच पायाबद्दल खोटं सांगितलंत. चार लोकांसमोर. आणि मी ते खरं धरलं. माझा एकच पाय धड होता, जावईबापू."

कानसेनने खाली बसून त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. बाबांनी पाय मागे घेतला. रागाने नाही, अंगणात मूल आडवं आलं तर कोणी सहज घेतो तसा. "उठा. लोक बघतायत. तुमच्या गॅरेजला गाड्या थांबल्या असतील, निघा तुम्ही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने भांडण केलं नाही. फक्त म्हणाली, "मी त्यांच्या हातातून चावी काढून घेतली. काय काय बोलले मी त्यांना! तुमच्या शब्दावर बोलले. ते मी आता कुठे जाऊन परत घेऊ?" मग कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. भाजी संपली, फोन आला होता, लाइटवाला येऊन गेला.

दुसऱ्या सकाळी कानसेन टेकडीवर हजर. बाबा पोचायच्या आधीच खुर्चीत बसलेला. बाबा आले, त्यांनी बघितलं. वॉचमन म्हणाला, "बसू द्या." बाबा कारखान्यात परत गेले. वॉचमनचं प्लास्टर निघेपर्यंत कानसेन दुपारपर्यंत फाटकावर बसायचा आणि दुपारनंतर गॅरेज उघडायचा. गिऱ्हाइकं येऊन मला विचारायची, "कुठे गेला?" मी म्हणायचो, "शाळेत." काही जणांनी दुसरं गॅरेज धरलं. वॉचमन मात्र रोज येऊन शेजारी बसे आणि स्वतःच्या घरादाराच्या कहाण्या ऐकवे. कानसेनला त्या पुऱ्या ऐकाव्याच लागत. म्हणायचा, "एवढं मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं."

दुपारनंतर तो म्हातारीच्या मागे लागे. गिअरबॉक्स उतरवला, पूर्ण खोलला, चकत्या आणि सगळी सीलं नवी घातली. ती पट्टी फेकून नव्या कार्ब्युरेटरला शोभेल असा जाड लोखंडी आधार बनवला. केबल इंजिन गरम करून ताणली, आणि मग मागे वाळूची पोती भरून त्या चढावर इतक्या वेळा गेला की फाटकावरचा कुत्रा भुंकायचा थांबला.

चावी घेऊन तो बाबांकडे गेला. बायको बरोबर होती, मीही. बाबांनी चावी घेतली, गाडीत बसले. सुरू केली. आम्ही सगळे बघत होतो. त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर टेकला. पूर्वी पाय टेकल्याबरोबर गाडी हलायची. त्यांनी मान वाकवून पायाकडे बघितलं, मग रस्त्याकडे, पुन्हा पायाकडे. गाडी निघाली. चढ चढून गेली, परतही आली. बाबा उतरले आणि मुलीला म्हणाले, "छान झाली आहे." जावयाकडे बघून मान हलवली.

आता बाबा पुन्हा दारं पोचवतात. पहिल्यासारखे शहरभर फिरत नाहीत, मोठा चढ टाळतात, आणि गाडी चालवताना अजून मध्येच खाली बघतात, असं मुलगी सांगते. रविवारी जेवायला जावयाकडे जातात. "जावईबापू, भात घ्या," म्हणतात. पण म्हातारीचं तेल बदलायची वेळ आली तेव्हा ती आमच्या रस्त्यावर आली नाही. पुलापलीकडच्या एका गॅरेजमध्ये गेली.

हे मला समजलं तसं कानसेनलाही समजलं. मी म्हटलं, "तू काही म्हणणार नाहीस?"

"काय म्हणू? मी असतो तर मीही तिकडेच नेली असती."

पण एक गोष्ट त्याने केली. तो पुलापलीकडच्या त्या गॅरेजमध्ये स्वतः गेला. तिथला मालक तरुण आहे, गॅरेज भरलेलं होतं, तीन-चार माणसं काम करत होती. कानसेनने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "त्या सुतारबाबांची पिकअप तुझ्याकडे येते ना? तिच्या गिअरच्या केबलवर दर वेळी हात घालून बघ. माझ्या हातून ती ढिली राहिली होती आणि मी त्यांच्या पायाला दोष दिला होता. एका माणसाचा हात मोडला. ते घसरते म्हणाले, तर घसरते असंच धर."

तरुण मालकाने पाना खाली ठेवला. त्याने चहा मागवला. कानसेन चहाला थांबला नाही.

बाबांना हे त्याने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या मालकाने सांगितलं असेल तर मला माहीत नाही.